बोआचा विळखा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



अजगर आपले भक्ष्य कसे मारतो, असा प्रश्न कोणत्याही वर्गात विचारला, तर दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, तो हाडे मोडतो. दुसरे, तो श्वास कोंडतो. पहिले उत्तर चूक असल्याचे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असते. दुसऱ्याला मात्र वर्षानुवर्षे पूर्ण गुण दिले गेले आहेत. ते गुण योग्य होते काय, हे पाहावयाचे तर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यात जावे लागेल.

त्या अरण्यात वृक्षांचे छत्र इतके दाट असते की, भर दुपारीही जमिनीवर फार थोडा उजेड पोहोचतो. खाली ओल्या पाचोळ्याचा थर. त्याच पाचोळ्याच्या रंगाचा, पाठीवर गडद पट्टे असलेला बोआ नावाचा सर्प तेथे राहतो. लांबी बहुधा दोन ते तीन मीटर. तो आपल्या अजगराचा दूरचा भाऊबंद होय. मात्र अजगराची मादी अंडी घालते, तर बोआची मादी जिवंत पिले देते. बोआला विष नाही. उंदीर, पक्षी, सरडे, वटवाघळे हे त्याचे अन्न.

एवढा जड प्राणी पाठलाग करून शिकार करू शकत नाही. तो वाट पाहतो. दुभंगलेल्या जिभेने हवेतील व जमिनीवरील गंधाचे कण टिपावयाचे, प्राण्यांची जा-ये असलेली जागा हेरावयाची आणि तेथे निश्चल पडून राहावयाचे, ही त्याची रीत. लोक याला आळस म्हणतात. त्यात बिचाऱ्यावर अन्यायच होतो. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्याला आपल्यासारखे अन्न जाळावे लागत नाही. म्हणून एका मोठ्या जेवणावर तो कित्येक आठवडे काढू शकतो.

भक्ष्य टप्प्यात येताच तो झेप घेतो. आत वळलेल्या दातांत सापडलेले जनावर सुटण्यासाठी जितके ओढते, तितके दात अधिक रुततात. क्षणार्धात विळखे पडतात. उंदरासारख्या जनावरालाही दात आणि नखे असतातच. त्याचा श्वास कोंडून मरण येण्यास काही मिनिटे लागतील आणि तेवढ्या वेळात ते सर्पाला जखमी करू शकेल. मरण तर याहून पुष्कळ लवकर येते, हे कसे? ही शंका डेव्हिड हार्डी यांनी १९९४ मध्ये मांडली.

उत्तर २०१५ मध्ये मिळाले. अमेरिकेतील डिकिन्सन महाविद्यालयाचे स्कॉट बोबॅक आणि त्यांचे सहकारी यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत दाबमापक नळ्या बसवून ते बोआपुढे ठेवले. विळखा पडल्यापासून सहा सेकंदांत धमनीतील रक्तदाब सुमारे निम्म्यावर आला, आणि हृदयाकडे परतणाऱ्या शिरांतील दाब कित्येक पटींनी वाढला. बाहेरच्या दाबापुढे हृदयाला रक्त ढकलता येईना. श्वास कोंडतो हे खरे. परंतु त्याच्या आधी रक्त थांबते, आणि रक्ताविना मेंदू काही सेकंदांतच निकामी होतो.

तथापि आवळत राहणे सर्पालाही महागात पडते. सोडावयाचे केव्हा, हे त्याला कसे कळते? याच मंडळींनी २०१२ मध्ये मेलेल्या, ऊब दिलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवले. ठोके चालू असेतो बोआ अधिक जोराने व अधिक वेळ आवळत राही. ठोके बंद केले की थोड्याच वेळात विळखा सैल करी. ज्या बोआंनी जिवंत भक्ष्य कधी मारलेच नव्हते, तेही ठोक्यांना असाच प्रतिसाद देत. म्हणजे त्याच्या अंगालाच दुसऱ्याच्या हृदयाचा ठोका जाणवतो.

मग स्वतः बोआ श्वास कसा घेतो? पुढचे अंग आवळण्यात गुंतले की तो मागील बरगड्या हलवून फुफ्फुसात हवा घेतो, हे २०२२ मध्ये दिसून आले. गिळताना तर श्वासनलिकेचे तोंडच पुढे, भक्ष्याच्या खालून बाहेर काढतो. गिळताना त्याचा जबडा निखळतो, ही समजूतही खरी नव्हे. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी हाडाने जोडलेले नसून लवचिक बंधाने जोडलेले असतात, आणि ते आळीपाळीने पुढे सरकतात.

आपल्या सह्याद्रीतील अजगरही विळखा घालूनच शिकार करतो. त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. बोआला त्या नसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. म्हणून गावात अजगर निघाला तर काठी न उचलता वनखात्यास कळवावे, हेही याच पाठात सांगता येईल.

हा पाठ शिकवताना मुलांना दोरी किंवा उपरणे छातीस वा गळ्यास गुंडाळू देऊ नये. अजगराचा खेळ मुले खेळतात, आणि तो घातक ठरू शकतो. प्रयोग करावयाचाच असेल तर साधा आहे. प्रत्येकाने आपल्या एका बोटाच्या नखावर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाब द्यावा. नख पांढरे पडते. अंगठा उचलताच ते पुन्हा लालसर होते.