युरेनियमला स्फुरदाची वेसण
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



नत्र, स्फुरद आणि पालाश ही खतांची त्रयी आपल्यापैकी अनेकांनी गावाकडे ऐकलेली असेल. त्यांतील स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, एका नदीकाठच्या दूषित गाळात कोणत्या कामी लावला गेला, ते आज आम्ही निवेदन करणार आहोत.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या तीरावर हॅनफर्ड येथे १९४३ साली अणुबाँबसाठी प्लुटोनियमचा प्रकल्प उभारण्यास प्रारंभ झाला. तेथील अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचे इंधन जेथे घडविले जाई, त्या विभागाचे सांडपाणी कित्येक वर्षे उघड्या तळ्यांत व चरांत सोडण्यात आले. युरेनियम खालच्या थरांत मुरले. वरची माती उपसल्यावर भूजल काही वर्षांत आपोआप निवळेल, असा १९९६ सालचा अंदाज होता. तो फोल ठरला. कारण बर्फ वितळून नदी चढली की भूजलही चढते, एरवी कोरडा राहणारा थर भिजतो आणि तेथे दडलेले युरेनियम कार्बोनेटाच्या संगतीने पुन्हा वाहू लागते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही तेथील मर्यादा. आणि प्रवाहाच्या खालच्या अंगास असलेले रिचलंड शहर याच नदीचे पाणी पिते.

फॉस्फेट भेटले की युरेनियम व कॅल्शियम यांचे ऑटुनाइट नावाचे, पाण्यात फारसे न विरघळणारे खनिज बनते. शिवाय आपल्या हाडादातांच्या घटकाचे भावंड असलेले अॅपेटाइट तयार होते. तेही युरेनियम धरून ठेवते. मात्र साधे फॉस्फेट विहिरीच्या तोंडाशीच थिजून वाट बुजविते. म्हणून लांब साखळीचे पॉलिफॉस्फेट योजले. ती साखळी सावकाश तुटते, तोवर द्रावण दूरवर पोचते. युक्ती मोठी नामी! तरी २००७ च्या चाचणीत उतरलेले प्रमाण पुन्हा वर गेले. तेव्हा २०१५ व २०१८ साली भूजलाबरोबरच त्याच्या वरच्या थरातही, म्हणजे मूळ साठ्यातच, द्रावण सोडण्यात आले.

यास शुद्धीकरण म्हणणे आम्हांस रुचत नाही. युरेनियम तेथेच राहते, आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षांचे. बांधले जाते ते त्याचे चालणे. त्यामुळे निरीक्षण-विहिरींतील पाणी तपासत राहणे चुकत नाही, विशेषतः नदी चढलेली असताना.