रोजगाराची रांग : नैरोबीचा अनुभव



तरुणांच्या बेकारीविषयी बोलताना आपण बहुधा एका साध्या हिशेबापासून आरंभ करतो. काम मागणारे इतके, जागा इतक्या. उरले ते बेकार. मग उपायही तितकाच साधा दिसतो : जागा वाढवाव्यात, म्हणजे बेकार कमी होतील. नवस्वतंत्र केनियाने नेमका हा हिशेब १९६४ साली करून पाहिला. त्याचे काय झाले, ते आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

केनिया डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा खेड्यांतून राजधानी नैरोबीकडे तरुणांचा ओघ सुरू झालेलाच होता. पुढच्याच वर्षी सरकार, मालक व कामगार संघटना यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सरकारने आपल्या नोकरवर्गात शेकडा १५ आणि खाजगी मालकांनी शेकडा १० इतकी वाढ करावी, त्या बदल्यात संघटनांनी काही काळ वेतनवाढ मागू नये, असे त्यात ठरले. हेतू चांगला होता. परंतु जागा निघणार ही वार्ता गावोगाव पोहोचली, आणि तोवर घरच्या शेतावर राबणारे कित्येक तरुण शहराच्या वाटेला लागले. रांग आखूड व्हावयाची ती लांबली.

जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली या कोड्याची उपपत्ती मांडली. ती समजण्यास गणिताची फारशी गरज नाही. समजा, गावात महिन्याला शंभर मिळतात आणि शहरातील नोकरीत तीनशे. तिघांपैकी एकालाच नोकरी लागणार असली, तरी शहरात नशीब अजमावणे तोट्याचे ठरत नाही. म्हणजे शहरातील एक नवी जागा तिघांना ओढून आणते. एक कामावर जातो आणि दोघे वाट पाहत राहतात. या तरुणांना आळशी किंवा भोळे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः ते पुरते हिशेबी असतात.

मात्र वाट पाहणे परवडावे लागते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये आपल्याकडील पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत अवघे ३.४ टक्के. निरक्षराला बरे काम मिळते, असा याचा अर्थ नव्हे. घरी चूल पेटावयाची असेल, तर त्याला मिळेल ते काम आजच पत्करावे लागते. रांगेत उभे राहण्याची त्याची ऐपत नसते.

याच श्रमसंघटनेचे एक अभ्यासमंडळ हान्स सिंगर व रिचर्ड जॉली यांच्या नेतृत्वाखाली १९७२ मध्ये केनियात गेले. तेही अशाच निष्कर्षाला आले : रिकाम्या हातांपेक्षा, दिवसभर राबूनही पोट न भरणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. मंडळाने ज्याला अनौपचारिक क्षेत्र म्हटले, त्यात ही माणसे मोडत होती. हा शब्द अनुवादताना माझ्या मनाला नेहमीच खटकतो. त्याला घामाचा वास नाही. स्वाहिली भाषेने त्यासाठी ‘जुआ काली’ हे नाव घेतले आहे. जुआ म्हणजे सूर्य, काली म्हणजे प्रखर. डोक्यावर छप्पर नसताना रणरणत्या उन्हात पत्रे ठोकणारे कारागीर ते जुआ काली.

या कारागिरांना तेव्हा नगरप्रशासन उपद्रव समजे. त्यांच्या झोपड्या व टपऱ्या पाडल्या जात. ही पाडापाडी थांबवावी, परवान्यांचा जाच कमी करावा, असे मंडळाने सुचवले. सरकारच्या धोरणपत्रात या क्षेत्राला मानाचे स्थान मिळण्यास मात्र १९८६ साल उजाडले. तोवर कारागीर स्वस्थ बसले नव्हते. थायलंडमधील शेगडीवरून सुधारून घेतलेली, डमरूच्या आकाराची पत्र्याची शेगडी त्यांनी त्याच दशकात घडवावयास घेतली. आतील भाजलेल्या मातीच्या अस्तरामुळे तिला कोळसा कमी लागे. तिच्यामुळे कुंभार, पत्रेकाम करणारा आणि विक्रेता अशा तिघांना काम मिळाले, आणि ते मिळण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागला नाही.

तथापि या क्षेत्राचे गोडवे गाणाऱ्यांशीही मी सहमत नाही. केनियात लहान शेती वगळता पाचांपैकी चारांहून अधिक माणसे आज याच क्षेत्रात आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध नैरोबीच्या रस्त्यांवर उतरलेल्या तरुणांत शिकलेले पुष्कळ होते. काहींचे प्राण गेल्यावर राष्ट्राध्यक्षांनी ते विधेयक मागे घेतले. पदवी घेतलेल्या मुलाला हातोडी दाखवून ‘हेच तुझे भविष्य’ असे सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याची स्वतःची मुले बहुधा त्या उन्हात नसतात.

म्हणून कोणतीही रोजगार योजना पुढे आली, की नव्या जागा किती, एवढ्यावर मी थांबत नाही. गावातील शंभर आणि शहरातील तीनशे यांतले अंतर तिने किती कमी केले, हे मी विचारतो. शेतमालाला भाव, पाण्याची सोय, पत्रे ठोकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर, त्याला वीज व रास्त व्याजाचे कर्ज, या गोष्टींची गणना रोजगारनिर्मितीत सहसा होत नाही. माझ्या मते ती तेथेच व्हावयास हवी.