मनकवड्यानं किती बोलावं?



मराठीत एक फार सुंदर शब्द आहे, मनकवडा. न सांगता ज्याला आपल्या मनातलं कळतं तो मनकवडा. आई मनकवडी असते. मुलगा दारातून आत येतो, चपला काढायच्या आधीच तिला कळतं की आज याचं काहीतरी बिनसलंय. ती काही विचारत नाही, पाण्याचा तांब्या पुढं ठेवते.

घरातला मनकवडा असा अबोल असतो. रंगमंचावरचा मनकवडा मात्र अखंड बोलत असतो. हल्ली त्याला मेंटॅलिस्ट म्हणतात. सोसायटीच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या हॉलमध्ये आणि मोबाइलच्या पडद्यावरही तो भेटतो. तुम्ही मनात धरलेला आकडा, लहानपणच्या मित्राचं नाव, पाकिटातल्या चिठ्ठीवरचा शब्द तो ओळखून दाखवतो. या कलावंतानं प्रयोग करताना किती बोलावं, हा आजचा विषय. मी जादूगार नाही, कवी आहे. पण माणसांसमोर उभं राहून शब्द खर्चायचे, हा आमचाही उद्योग. म्हणून हे धाडस.

एक गोष्ट आधीच मान्य करू. मनकवड्याला बोलावं लागतंच. जादूगार टोपीतून कबुतर काढतो तेव्हा ते शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसतं. मनातला आकडा कुणालाच दिसत नाही. काय ठरलंय आणि काय ओळखायचंय, हे सभागृहाला शब्दांतूनच कळणार. 'दोन आकडी संख्या धरा' हे नीट ऐकू गेलं नाही आणि समोरच्यानं तीन आकडी धरली, तर सगळा खेळ बसला! म्हणून सूचना स्पष्ट हवी, सावकाश हवी आणि एकदाच हवी.

आपल्याकडे तर शब्द हेच या खेळाचं हत्यार होतं. आमच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी मदारी यायचा. पोराला चादरीखाली झोपवायचा आणि आवाज द्यायचा, 'जमूरे!' चादरीखालून उत्तर यायचं, 'हां उस्ताद!' मग मदारी गर्दीत फिरून विचारायचा, यांच्या हातात काय आहे? आणि पोरगं बिनचूक सांगायचं, घड्याळ. अशा खेळांत पुष्कळदा उत्तर प्रश्नातच दडलेलं असतं. 'सांग', 'लवकर सांग', 'बरोबर सांग' यांतल्या प्रत्येकाचा अर्थ दोघांत आधीच ठरलेला असतो. नंदीवाल्याचंही तेच. पाऊस पडेल का, म्हणून तो विचारतो, गुबुगुबु वाजवतो आणि बैल मान डोलावतो. बोलणं सगळं माणसाचं, श्रेय बैलाचं!

फ्रान्सच्या रॉबेर-उदँ या नामवंत जादूगारानं 1846 मध्ये पॅरिसला असाच खेळ सुरू केला. एमिल या आपल्या मुलाचे डोळे बांधून तो त्याच्याकडून प्रेक्षकांच्या हातातल्या वस्तू ओळखवून घेई. खूण बापाच्या प्रश्नात असणार, अशी कुजबुज होऊ लागली. तेव्हा त्यानं प्रश्न विचारणंच सोडून दिलं आणि नुसती घंटी वाजवायला सुरुवात केली. बोलणं कमी झालं तसं नवल वाढलं. इथं आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

तुम्ही हे रेडिओवर ऐकता आहात, म्हणून रेडिओचंच एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाचे सिडनी पिडिंग्टन दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी इथल्या छावणीत युद्धकैदी होते. कैद्यांच्या करमणुकीसाठी त्यांनी तिथं मनातलं ओळखण्याचा खेळ बसवला. पुढं 1949 मध्ये पत्नी लेस्ली हिच्यासह त्यांनी तो बीबीसीच्या रेडिओवर आणला. एकदा तर सिडनी स्टुडिओत आणि लेस्ली लंडनच्या टॉवरमध्ये, आणि तिथून तिनं स्टुडिओत निवडलेली ओळ सांगायची! रेडिओवर दिसत काहीच नाही. ती ओळ उच्चारण्याआधीची शांतता, हाच त्यांचा रंगमंच. हे खरोखर घडतं की ही युक्ती आहे, यावर ते भाष्य करत नसत. निवाडा तुमच्याकडे, एवढंच ते श्रोत्यांना सांगत. लाखो माणसं मग आठवडाभर घरोघरी वाद घालत. कलावंतानं एक वाक्य बोलायचं आणि बाकीचं श्रोत्यांवर सोपवायचं, ते असं.

मग जास्तीचं बोलणं कुठून येतं? पहिला प्रकार म्हणजे दिसतंय तेच सांगणं. 'आता मी पेन उचलतो, आता मी लिहितो.' आमच्या विरार लोकलमध्ये भाजी सोलायचं यंत्र विकणारा येतो. तो कधी म्हणत नाही की मी बटाटा सोलतोय. तो सोलतो. साल खाली पडते, लोक पाहतात, मग तो किंमत सांगतो. वसई रोड ते नालासोपारा एवढ्या वेळात त्याला धंदा करायचा असतो, तिथं फुकटचा शब्द परवडत नाही.

दुसरा प्रकार, न विचारलेली ग्वाही. 'हे पाकीट अगदी साधं आहे बरं का!' अरे, कुणी शंका घेतली होती? आता घेतली.

तिसरा प्रकार, अंदाजाचे खडे टाकणं. 'तुम्ही वरून कणखर दिसता, पण आतून हळवे आहात.' हे कुणाला लागू पडत नाही? 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली 4.26. कागद मात्र सगळ्यांना एकच दिलेला होता! अशा बोलण्याला आपण भुलतो, कारण रिकाम्या जागा आपण स्वतःच भरतो.

चौथा प्रकार सगळ्यात वाईट. शांततेच्या भीतीनं बोलणं. नालासोपाऱ्याच्या एका घरगुती समारंभात मी हे पाहिलं. तरुण मनकवडा होता, हुशार होता. त्यानं एका आजींना समोर बसवलं आणि लहानपणीच्या मैत्रिणीचं नाव मनात आणायला सांगितलं. आजींनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आणि हा बोलत होता. 'आजी, झोपलात की काय? आजोबांचं नाव नका हं धरू!' लोक हसले. त्यानं नाव ओळखलं, तेही अचूक. आजी हळूच काहीतरी म्हणाल्या, पण तोवर 'टाळ्या!' म्हणून तो पुढच्या खेळाकडं वळला होता. नंतर जेवताना आजींनी शेजारणीला सांगितलं, ती मैत्रीण त्यांच्याच वाडीतली. दोघी पहाटे मोगरा खुडायला जायच्या. पन्नास वर्षांत हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. त्या संध्याकाळची खरी जादू त्या पानावर, वरणभाताशेजारी घडली. रंगमंचावर तिला जागाच मिळाली नाही.

मुशायऱ्यात आम्ही एक गोष्ट शिकतो. शेराची पहिली ओळ कवी दोनदा म्हणतो. लोकांना ती मनात मुरवू देतो. मग दुसरी ओळ म्हणताना काफियाच्या आधी किंचित थांबतो. तेवढ्यात सभागृहातले निम्मे लोक तो शब्द स्वतःच गाठतात आणि कवीबरोबर म्हणतात. दाद मिळते ती त्या थांबण्याला. शेर म्हणण्याआधीच त्याचा अर्थ सांगत बसणाऱ्या कवीला दाद मिळत नाही, चहा मिळतो. मनकवड्याचं नाव ओळखणं हा त्याचा काफिया आहे. त्याच्या आधी थांबावं, आणि ओळखल्यावर तर जरूर थांबावं. तो क्षण कलावंताचा नसतो, समोरच्या माणसाचा असतो.

याचा अर्थ मनकवड्यानं मौनव्रत घ्यावं असा नाही. टोनी कोरिंडा यांचं 'थर्टीन स्टेप्स टु मेंटॅलिझम' हे या कलेतलं नावाजलेलं पुस्तक. त्याच्या तेरा पायऱ्यांतली शेवटची पायरी बोलणं आणि सादरीकरण यांविषयी आहे. बोलणं शेवटी येतं, पण आल्याशिवाय राहत नाही.

आणि एक वाक्य तर बोलायलाच हवं. हा खेळ आहे, ही कला आहे, माझ्या अंगात कुठलीही शक्ती नाही, हे ते वाक्य. महाराष्ट्रात ते विशेष हवं. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवला आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि त्यामागची युक्तीही सांगतात. मनकवड्यानं युक्ती सांगायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्या पोटाचंच गणित आहे. पण मुठीत देव आहे असं त्यानं म्हणू नये, आणि लोक तसं समजत असतील तर गप्प बसू नये.

कारण प्रयोग संपतो, खुर्च्या उचलल्या जातात, आणि एखादी बाई त्याच्यापाशी येऊन उभी राहते. तिचा मुलगा वर्षभर घरी आलेला नाही. ती विचारते, 'तुम्हाला सगळं कळतं ना? तो कुठं आहे, तेवढं सांगा.' रंगमंचावर दोन तास मोजकं बोललेला, नेमक्या जागी थांबलेला उत्तम कलावंत इथं जर नुसतं गूढ हसला, तर त्याची सगळी शांतता फसवणुकीच्या खाती जमा होते. इथं त्यानं खुर्ची ओढून तिला बसवावं आणि सरळ शब्दांत सांगावं, 'ताई, मला काही कळत नाही. तो खेळ होता. तुम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे का?'

असं बोलायला मात्र त्यानं शब्दांची काटकसर करू नये.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)