मुके रुग्ण आणि सूचिचिकित्सा

मनुष्य आजारी पडला म्हणजे कोठे दुखते, केव्हापासून दुखते आणि औषधाने उतार पडला की नाही, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. कुत्र्यामांजरांना ती सोय नाही. म्हातारा कुत्रा जिना चढावयाचे सोडतो. मांजर उंच फळीवर उडी घेईनासे होते, अंग चाटून स्वच्छ ठेवण्याचा कंटाळा करू लागते. घरची माणसे म्हणतात, वय झाले. पुष्कळदा ते नुसते वय नसते; सांध्यांचे दुखणे असते. अशा दुखण्यावर बारीक सुया टोचून उपचार करण्याची सूचिचिकित्सा, म्हणजेच ॲक्युपंक्चर, आता अनेक देशांतील पशुवैद्य वापरतात. तिचा गुण कितपत येतो आणि तो आला हे कोणी ठरवावयाचे, हे दोन्ही प्रश्न प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाने विचारात घेण्याजोगे आहेत.

या विद्येचे माहेर चीन. तेथील जुने पशुवैद्यक मुख्यतः घोडे व बैल यांच्यासाठी होते. यू बेनयुआन आणि यू बेनहेंग या बंधूंचा १६०८ मधील अश्वचिकित्सेचा ग्रंथ त्या परंपरेत प्रमाण मानला जातो. कुत्र्यामांजरांच्या अंगावरील बिंदू मात्र पुष्कळसे माणसाच्या नकाशावरून अलीकडे बसविलेले आहेत. या उसनवारीतून गंमतीही घडतात. घोड्याच्या नकाशात पित्ताशयाच्या नावाची एक वाहिनी दाखवितात. वस्तुतः घोड्याला पित्ताशयच नसते! १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले, त्या सुमारास पाश्चात्त्यांचे या उपचाराकडे विशेष लक्ष गेले आणि १९७४ मध्ये अमेरिकेत पशूंच्या सूचिचिकित्सेची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

वाहिन्यांची कल्पना बाजूला ठेवली तरी सुईने शरीरात काहीच घडत नाही, असे मात्र नाही. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धांत मांडला की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागते आणि इतर संवेदनांनी ते काहीसे लोटता येते. १९७५ मध्ये मेंदूत अफूसारखे कार्य करणारी द्रव्ये सापडली. पुढच्याच वर्षी टोरोंटोच्या पोमेरांझ यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले की, अफूचा परिणाम रोखणारे औषध दिले असता सुईने आलेली बधिरताही नाहीशी होते. २०१० मध्ये रोचेस्टर येथील संशोधकांना सुई टोचल्या जागी ॲडेनोसिन हे वेदनाशामक द्रव्य वाढलेले आढळले, तेही उंदरांतच.

प्रत्यक्ष उपचार साधा असतो. पोलादी सुई केसासारखी बारीक असून तिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही. दहावीस मिनिटे ती तशीच ठेवतात; क्वचित तिला विजेचा सौम्य प्रवाह जोडतात. आमच्याकडे खेड्यापाड्यांतून जनावराला तापल्या लोखंडाच्या डागण्या देत. त्या भाजण्याशी या टोचण्याचे काही नाते नाही; कित्येक कुत्री सुया असतानाच डोळे मिटून पडतात.

तथापि जनावर शांत झाले म्हणजे बरे झाले असे नव्हे. २००६ मध्ये तोवरच्या प्रयोगांची छाननी झाली. तीत ही पद्धती शिफारस करण्याइतका अथवा त्याज्य ठरविण्याइतका भक्कम पुरावा मिळाला नाही. त्याहून बोधप्रद आहे २०१२ मधील एक अभ्यास. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांपैकी काहींना औषधाच्या नावाखाली निर्गुण गोळी देण्यात आली होती. पाय जमिनीवर किती भार देतो, हे यंत्राने मोजले. मोजमापात फरक नसतानाही अनेक मालकांना आणि पशुवैद्यांनाही सुधारणा दिसली होती! मुके जनावर भ्रमात पडत नाही, असे म्हणतात. पण त्याच्यासाठी बोलणारा माणूस पडतो, आणि तोही मायेपोटी.

म्हणून पहिले स्थान निदानाला. आखूड पायांच्या डॅक्सहुंड कुत्र्याच्या मणक्यांतील चकती सरकून मागचे पाय एकाएकी लुळे पडले, तर तेथे तासांनाही मोल असते. शस्त्रक्रिया हवी की नको, हे ठरण्यापूर्वी सुयांत दिवस घालविणे म्हणजे पाय गमावणे ठरू शकते. माणसाच्या गोळ्या घरच्या घरी देणे तर अधिकच घातक. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते. याउलट जुनाट संधिवाताने बेजार झालेल्या, मूत्रपिंडे दुबळी असल्याने वेदनाशामक औषधे न सोसणाऱ्या वृद्ध प्राण्याला, जाणत्या पशुवैद्याच्या हातून, वजन आटोक्यात ठेवून व बेताचा व्यायाम देऊन, सुईची जोड मिळाली तर ती अवश्य करून पाहावी.

मात्र आरंभीच एक वही घालावी. कुत्रा न थांबता किती पायऱ्या चढतो, किती अंतर चालून बसतो, रात्री किती वेळा उठतो, हे उपचारापूर्वी आठवडाभर आणि नंतरही रोज लिहावे; शक्य तर सुई कोणत्या दिवशी टोचली हे ठाऊक नसलेल्या घरच्या माणसाने लिहावे. महिन्याभरात आकडे हलले नाहीत, तर उपचार खुशाल थांबवावा. ज्याला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, त्याची साक्ष इतक्या काळजीने नोंदविणे, हा त्याच्या शुश्रूषेचाच भाग आहे.