विनोदाचे स्वतंत्र परीक्षक
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

विनोदाला परीक्षकाची गरज काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. गायकाचा स्वर कोठे ढळला हे जाणत्यालाच कळते. चित्रकाराच्या रेषेतील उणीव सामान्य प्रेक्षकाच्या ध्यानात येतेच असे नाही. परंतु विनोदाची परीक्षा तेथल्या तेथे होते. श्रोते हसले तर विनोद साधला, न हसले तर फसला. इतका रोकडा निकाल दुसऱ्या कोणत्याही कलेत लागत नाही. मग पोटभर हसून घरी परतलेल्या माणसाला, तू का हसलास, असे विचारणारा हा तिसरा मनुष्य हवा कशाला?

या प्रश्नाचे विचार करण्याजोगे उत्तर ब्रिटनमधील गेल्या पाव शतकाच्या अनुभवातून मिळते. आणि ते उत्तर मोठ्या वृत्तपत्रांपेक्षा इंटरनेटवरील लहान, स्वतंत्र संकेतस्थळांनी अधिक स्पष्टपणे दिले आहे.

विषय नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७९ सालच्या मे महिन्यात लंडनच्या सोहो भागात ‘कॉमेडी स्टोअर’ नावाचा एक क्लब सुरू झाला. लॉस एंजेलिसमधील त्याच नावाच्या क्लबचा नमुना समोर ठेवून पीटर रोझेनगार्ड आणि डॉन वॉर्ड यांनी तो काढला. ॲलेक्सी सेल हे तेथील पहिले सूत्रधार. नेपथ्य नाही, वेषभूषा नाही, वाद्यवृंद नाही. एकच मनुष्य ध्वनिवर्धकासमोर उभा राहतो आणि केवळ बोलून समोरच्यांना हसवितो. आपल्याकडील एकपात्री प्रयोगाशी याचे नाते फार दूरचे नाही. भेद इतकाच की, एकपात्री प्रयोगात नट अनेक पात्रे उभी करतो. येथे कलावंत बहुधा स्वतःलाच उभे करतो. क्लबच्या आरंभीच्या दिवसांत नवख्याचे बोलणे रंगेना, तर श्रोत्यांच्या ओरड्यासरशी घंटा वाजवून त्याला खाली उतरविले जाई. त्या काळी परीक्षण म्हणावयाचे ते एवढेच!

या कलेचे दुसरे मोठे केंद्र म्हणजे स्कॉटलंडमधील एडिंबरा. १९४७ साली तेथे आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या आपण होऊन दाखल झाल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करू लागल्या. त्यातूनच ‘फ्रिंज’, म्हणजे काठावरचा महोत्सव, जन्मास आला. आगंतुकांची ही पंगत पुढे यजमानांच्या पंगतीहूनही मोठी झाली. येथे कोणी निवड करीत नाही. ज्याला जागा मिळेल आणि खर्च झेपेल, त्याने यावे. १९८१ साली तेथे विनोदासाठी वेगळे पारितोषिक सुरू झाले आणि ते पहिल्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या ‘फुटलाइट्स’ मंडळीने पटकावले. स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी, एमा थॉम्प्सन ही पुढे गाजलेली नावे त्याच मंडळीतील. २००८ साली फ्रिंजच्या कार्यक्रमपत्रिकेत विनोदी कार्यक्रमांची संख्या प्रथमच नाटकांहून अधिक भरली. २०१९ साली तर सर्व प्रकार मिळून ३,८०० हून अधिक कार्यक्रम तेथे झाले.

आता कल्पना करावी. ऑगस्टचा एक महिना, एक शहर आणि हजारो कार्यक्रम. वृत्तपत्राने दोन-चार परीक्षक पाठविले, तरी ते जाणार कोठे? अर्थातच ज्यांचे नाव आधी झाले आहे, तिकडे. पानावर जागा मोजकी, आणि वाचकालाही ओळखीच्या नावाचेच कुतूहल. त्यातून १९९६ साली पीटर बकली हिल यांनी ‘फ्री फ्रिंज’ची प्रथा पाडली. तेथे तिकीट नसते. मद्यालयाच्या मागल्या खोलीत प्रयोग होतो आणि शेवटी दाराशी बादली धरून ऐच्छिक वर्गणी घेतली जाते. अशा खोलीत बोलणाऱ्या अनोळखी तरुणापर्यंत राष्ट्रीय दैनिकाचा परीक्षक पोहोचावा कसा?

ही उणीव ज्यांनी भरून काढली, त्यांत ‘चॉर्टल’ या संकेतस्थळाचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. स्टीव्ह बेनेट या पत्रकाराने ते २००० साली सुरू केले. ‘चॉर्टल’ हा शब्द लुइस कॅरोल यांनी आपल्या १८७१ च्या पुस्तकात घडविलेला. खुदकन् हसण्याची एक तऱ्हा त्यातून सूचित होते. क्लबांतील कार्यक्रमांच्या याद्या, विनोदविश्वातील वार्ता आणि परीक्षणे असा या स्थळाचा संसार. २००३ साली मार्क बूझी यांनी केवळ ब्रिटिश विनोदी मालिकांची माहिती देणारे एक स्थळ उघडले. तेच विस्तार पावून आज ‘ब्रिटिश कॉमेडी गाइड’ या नावाने ओळखले जाते. ‘थ्री वीक्स’ हे पत्र १९९६ पासून विद्यार्थिदशेतील तरुणांना परीक्षणलेखनाचे धडे देऊ लागले होते. २००४ च्या सुमारास ‘ब्रॉडवे बेबी’ हे स्थळही त्याच वाटेवर आले. यांच्यामागे मोठे भांडवल नव्हते. मात्र जागेची मर्यादाही नव्हती. छापील पानाचा रकाना संपतो, संकेतस्थळाचा संपत नाही. म्हणून ज्याला कधी चार ओळी मिळाल्या नसत्या, त्याला चार परिच्छेद मिळू लागले.

परंतु जागा मिळाली म्हणजे अधिकार मिळतोच असे नाही. तो कसा आला, हे दोन चलाख्यांवरून दिसते. १९८९ साली माल्कम हार्डी या खट्याळ विनोदकाराने, आर्थर स्मिथ या सहकाऱ्याच्या साहाय्याने, आपल्याच कार्यक्रमाचे तोंडभर स्तुती करणारे परीक्षण लिहिले आणि ‘स्कॉट्समन’ या प्रतिष्ठित दैनिकात त्याच्या विनोद-परीक्षकाच्या नावावर ते छापून आणले. हार्डी यांचे निधन २००५ साली झाले. त्यांच्या स्मरणार्थ जी पारितोषिके ठेवण्यात आली, त्यांत उत्तम चलाखीसाठीही एक होते. २०१३ साली ते बॅरी फर्न्स यांना मिळाले. त्यांनी केले काय, तर ‘ब्रॉडवे बेबी’ आणि ‘थ्री वीक्स’ यांच्या बनावट प्रती छापून त्यांत स्वतःला भरघोस तारे बहाल केले आणि त्या गावभर वाटल्या. नकली नाणे नेहमी चलनी नाण्याचेच पाडले जाते. १९८९ साली मोठ्या दैनिकाची नक्कल करण्यात लाभ होता; २०१३ साली चिमुकल्या स्वतंत्र पत्रांची नक्कल करण्यातही लाभ वाटू लागला. या मंडळींच्या शब्दाला बाजारात किंमत आली होती, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. हशा हाच निकाल असेल, तर परीक्षण कशासाठी? पहिले उत्तर असे की, हशा हा वाटतो तितका विश्वासू साक्षीदार नव्हे. शनिवारी रात्री तुडुंब भरलेल्या आणि मद्याने सैलावलेल्या सभागृहात सामान्य कोटीलाही टाळी पडते. तोच कार्यक्रम मंगळवारी दुपारी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, बारा श्रोत्यांपुढे झाला, तर चांगले वाक्यही हवेत विरून जाते. हसणे संसर्गाने पसरते. शेजारी हसला म्हणजे आपणही हसतो. त्या रात्री खोली गार होती की विनोद गार होता, हे ज्याने शेकडो रात्री अशा खोल्यांत काढल्या आहेत, तोच सांगू शकतो. एखादी कोटी नवी आहे की दहाजणांच्या तोंडी फिरून झिजलेली आहे, हेही त्यालाच कळते.

दुसरे उत्तर अधिक खोल आहे. कधी कधी न हसणे हाच कार्यक्रमाचा हेतू असतो. हॅना गॅड्सबी या ऑस्ट्रेलियन कलावंताचा ‘नॅनेट’ हा प्रयोग २०१७ साली एडिंबऱ्याच्या मुख्य पारितोषिकाचा सहमानकरी ठरला. या प्रयोगात आरंभी श्रोत्यांना मनमुराद हसविले जाते आणि पुढे तेच हसू थांबविले जाते. स्वतःची फजिती सांगून लोकांना हसविताना मूळच्या दुःखाचे काय होते, असा प्रश्न तेथे श्रोत्यांसमोर उभा राहतो आणि सभागृह स्तब्ध होते. केवळ हशा मोजणाऱ्याने हा प्रयोग फसला असेच म्हटले असते. त्या स्तब्धतेचा अर्थ सांगण्यासाठी शब्द लागतात, आणि शब्द पुरविणे हेच परीक्षकाचे काम.

हे काम सोपे नाही. नाटकाचे परीक्षण करताना कथानक थोडक्यात सांगता येते. विनोदाचे तसे नाही. शेवटचा टोला छापून टाकला, तर कलावंताच्या उद्याच्या प्रयोगाचे नुकसान. न छापावा, तर वाचकाला पटवावे कसे? म्हणून चांगला परीक्षक विनोद सांगत नाही, विनोदाची घडण सांगतो: बोलणारा कोठे थांबतो, कोणाच्या बाजूने बोलतो, दुबळ्याची टर उडवितो की बलवानाची. असे लिहिण्यास भाषेवर प्रभुत्व लागते, आणि रोज चार-पाच कार्यक्रम पाहून मध्यरात्री लिहावयास बसणाऱ्यापाशी ते नेहमीच उरते असे नाही. स्वतंत्र स्थळांवरील पुष्कळ परीक्षणे घाईची असतात, काही पोरकट असतात, काही विनाकारण बोचरी असतात. हे मान्य केलेच पाहिजे.

कारण दुसऱ्या बाजूला एका माणसाची पुंजी पणाला लागलेली असते. एडिंबऱ्याला जाणारा होतकरू कलावंत सभागृहाचे भाडे, महिन्याची खोली आणि भित्तिपत्रके यांचा खर्च बहुधा स्वतःच सोसतो, आणि अनेकजण तोटा घेऊनच परततात. सकाळी परीक्षण प्रसिद्ध झाले, की ताऱ्यांची कागदी पट्टी त्याच दिवशी भित्तिपत्रकावर टाचली जाते, आणि रस्त्यावरून जाणारा वाटसरू वाक्य न वाचता तारेच मोजतो. चार तारे मिळाले तर संध्याकाळी खुर्च्या भरतात. दोन मिळाले तर उरलेले पंधरा दिवस रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलावे लागते. विशीतल्या हौशी परीक्षकाच्या हाती इतके सामर्थ्य असावे काय? प्रश्न योग्य आहे. परंतु त्याच्या जोडीला दुसराही विचारावा लागतो: तो परीक्षक नसता, तर त्या मागल्या खोलीत कोण गेले असते? कठोर शब्दाने मन दुखावते. मौनाने माणूस असूनही नसल्यासारखा होतो.

येथवर ‘स्वतंत्र’ हा शब्द अनेकदा आला. त्याचा अर्थ नीट तपासला पाहिजे. मालक मोठा नसणे म्हणजे स्वातंत्र्य, अशी सोयीची समजूत आहे. ती अपुरी आहे. परीक्षकाच्या तिकिटाचे, प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे कोण देतो, यावर त्याचे स्वातंत्र्य अधिक अवलंबून असते. विनोदाविषयीच्या स्थळाला जाहिरात देणार कोण? बहुतेक करून विनोदाचे कार्यक्रम करणारेच. म्हणजे ज्याचा न्याय करावयाचा, त्याच्याच घरचे मीठ खावयाचे! मराठी नाट्यरसिकांनाही हा पेच अनोळखी नाही. नाटकाचे परीक्षण आणि त्याच नाटकाची जाहिरात एकाच वृत्तपत्रात नांदताना त्यांनी पाहिलेली आहेत. मोठे दैनिक एका जाहिरातदाराचा रोष पचवू शकते. एकट्या माणसाच्या संकेतस्थळाला तो उपवास घडवू शकतो.

आणि नुसत्या सचोटीने आयुष्य वाढतेच असेही नाही. अमेरिकेत २०१० साली ‘स्प्लिटसायडर’ नावाचे विनोदविषयक स्थळ सुरू झाले. ‘द ऑल’ या स्वतंत्र स्थळाच्या कुटुंबातील ते एक अपत्य. विनोदाकडे गांभीर्याने पाहणारे लेखन तेथे सातत्याने येई. २०१८ च्या जानेवारीत ‘द ऑल’ बंद पडले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘स्प्लिटसायडर’ न्यूयॉर्कमधील एका मोठ्या नियतकालिकाच्या ‘व्हल्चर’ या स्थळात विलीन झाले. पुढे २०२० साली साथीच्या रोगामुळे सभागृहांना कुलपे लागली. एडिंबऱ्याची फ्रिंज १९४७ नंतर प्रथमच भरू शकली नाही. जेथे कार्यक्रमच नाहीत, तेथे परीक्षण कशाचे आणि जाहिरात कोणाची? ‘ब्रिटिश कॉमेडी गाइड’सारखे स्थळ वाचकांकडे साहाय्य मागते, त्यामागे असले वास्तव आहे.

तरीही याच मार्गात आशेचे स्थान आहे. कलावंताने पैसे दिले तर परीक्षक मिंधा होतो. धनिकाने दिले तर स्थळ कधी विकले जाईल याचा भरवसा नाही. वाचकाने थोडे थोडे दिले, तर मात्र परीक्षकावर एकच बंधन उरते, ते म्हणजे वाचकाला खरे सांगण्याचे. फ्री फ्रिंजच्या खोलीत प्रयोग संपल्यावर दाराशी जी बादली धरली जाते, तिच्यात नाणे टाकताना मनुष्य कलावंताचे देणे फेडतो. त्या खोलीची वाट ज्याने दाखविली, त्याचेही काही देणे लागतो, ही जाणीव वाचकांत जितकी रुजेल, तितके हे स्वतंत्र परीक्षक टिकतील. ते टिकले, तर उद्या कोठल्याशा मद्यालयाच्या मागल्या खोलीत बारा माणसांपुढे बोलणाऱ्या अनोळखी तरुणाचे बोल कोणीतरी लक्षपूर्वक ऐकेल आणि दुसऱ्या दिवशी त्याविषयी चार खरी वाक्ये लिहील.