खाली बसून काढलेले फोटो

(दहावी १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २४ डिसेंबर २०२३ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय बाई, सर, पहिल्या रांगेत बसलेले आपले शिपाईमामा आणि दहावी 'ब'च्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीनं माझी ओळख 'यशस्वी उद्योजक' अशी करून दिली. तिनं शाळेतही एकदा माझ्या निबंधाचं असंच भरभरून कौतुक केलं होतं. तो निबंध मी तिच्याच वहीतून उतरवला होता. त्यामुळे तिचं बोलणं फार मनावर घेऊ नका.

मी कुत्र्यांचे फोटो काढतो. मांजरांचेही काढतो, आणि एकदा एका खिलार बैलाचे काढलेत. सकाळपासून चहाच्या टेबलापाशी मला सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, सांगलीत यावर पोट भरतं का?" त्याचं उत्तर शेवटी देतो, म्हणजे तोवर कुणी जेवायला उठणार नाही.

मारुती रोडवरचा बाबांचा स्टुडिओ तुम्हाला आठवत असेल. दहावीच्या फॉर्मसाठी आपण सगळे तिथंच गेलो होतो. आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा होता. तो एकच कंगवा अख्ख्या वर्गाच्या डोक्यातून फिरला. बाबांनंतर मी तिथं बसलो. रोल गेले, डिजिटल आलं, मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. तरी लग्नं, मुंजी आणि पासपोर्टचे फोटो यांवर चाललं होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. मी शहाणपणा करून सगळं सामान त्या खुणेच्या वर फळीवर ठेवलं, कुलूप लावलं आणि विश्रामबागला घरी निघून आलो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझी फळी कुठल्या कुठं बुडाली. प्रिंटर, दिवे, पडदे गेले. बाबांनी चाळीस वर्षं जपलेल्या निगेटिव्हचा लगदा झाला. कॅमेरा तेवढा वाचला, कारण तो घरी होता.

पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर आत घोटा बुडेल एवढा चिखल होता. पंचनाम्यासाठी फोटो काढायचे होते, म्हणून दारापासून सुरुवात केली. पायरीवर एक तांबूस कुत्री बसली होती. पुराच्या दिवसांत ती कुठं होती, काय खात होती, कोण जाणे. मी आत गेलो की ती आत यायची, बाहेर आलो की बाहेर. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "कुत्रं पण नुकसानीत धरायचं का?" त्या रात्री मी ते चाळीसेक फोटो पुन्हा बघत बसलो. सगळीकडे चिखल, आणि दर दोन-तीन फोटोंनंतर कोपऱ्यातून माझ्याकडे बघणारी ती. आम्ही तिचं नाव पंचनाम्यावरून पंची ठेवलं.

स्टुडिओ जेमतेम उभा राहतोय तोवर मार्च २०२० उजाडला. लग्नं थांबली. हॉटेलं आणि गाडे बंद झाले तशी गल्लीतली कुत्री उपाशी राहायला लागली. आमची मंडळी रोज दहा-बारा भाकऱ्या जादा करायची, आणि मी पहाटे त्या घेऊन गल्लीत निघायचो. हाताला काम नव्हतं, म्हणून बरोबर कॅमेरा न्यायचो. ते फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवत गेलो. एक दिवस विश्रामबागच्याच एका डॉक्टरबाईंचा फोन आला, "आमच्या लॅब्रॅडोरचे काढाल का?" मी गेलो, दीड तास खपलो. पहिल्या पंचवीस फोटोंत लॅब्रॅडोर नव्हताच, नुसतं शेपूट होतं. बाईंनी पाचशे रुपये दिले. ते घेताना लाज वाटली, पण घेतले. त्या महिन्यातली माझी ती एकमेव कमाई होती.

मग मी हे काम शिकायला लागलो. लग्नात मी लोकांना सांगत आलो होतो, "इकडं बघा, हनुवटी वर, हसा." कुत्र्याला हे सांगता येत नाही. मी उभा राहून फोटो काढायचो, त्यामुळे सगळ्या कुत्र्यांची डोकी मोठी आणि पाय काडीसारखे यायचे. एकदा कंटाळून पायरीवर, मग जमिनीवर बसलो, आणि पंची पहिल्यांदा पंचीसारखी दिसली. आपले चित्रकलेचे सर नेहमी म्हणायचे, आधी बघायला शिका, पेन्सिल नंतर उचला. सर, तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचायला बत्तीस वर्षं लागली. मागच्याच महिन्यात एलियट अर्विट नावाचे मोठे छायाचित्रकार ९५ व्या वर्षी गेले. त्यांचा १९७४ चा न्यूयॉर्कमधला एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात एक इवलंसं टोपी घातलेलं कुत्रं आहे, शेजारी बाईचे बूट, आणि दुसऱ्या बाजूला एका भल्यामोठ्या कुत्र्याचे नुसते पाय. कॅमेरा जमिनीला टेकवल्याशिवाय हे दिसलंच नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंगाची भीती. टक लावून बघणं म्हणजे कुत्र्याच्या लेखी आव्हान. आपण तोंडासमोर मोठा काळा डोळा धरतो आणि वर म्हणतो, बघत का नाही! त्यानं मान फिरवली, जांभई दिली किंवा सारखी जीभ ओठांवरून फिरवली, तर त्याला झोप आलेली नसते की भूक लागलेली नसते. ते बिचकलेलं असतं. तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवतो. पहिली दहा मिनिटं फोटो काढतच नाही, नुसता बसतो. ती दहा मिनिटं वाया गेली असं मालकांना वाटतं, पण सगळं काम तिथंच होतं.

फ्लॅश मी वापरत नाही. कुत्र्याच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा एक पडदा असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे पेटल्यासारखे येतात. त्यापेक्षा खिडकीचा उजेड बरा. काळं कुत्रं असेल तर कॅमेरा फसतो आणि त्याला राखाडी करून टाकतो. पांढरं असेल तर मळकट करतो. दोन्ही वेळा त्याचं न ऐकता आकडे आपण बदलायचे. आणि फोकस डोळ्यावर ठेवायचा. नाक एवढं पुढं असतं की नाक स्पष्ट येतं आणि डोळे धूसर. माझ्या पहिल्या वर्षातले निम्मे फोटो म्हणजे नाकांचे फोटो आहेत.

धंद्याचं सांगायचं तर दर साधा आहे. अर्धा तास, दहा फोटो, पंधराशे रुपये. मी गिऱ्हाइकाच्या घरी जातो, कारण स्टुडिओत आणलं की कुत्रं निम्मा वेळ कोपरे हुंगण्यात घालवतं. फोनवर "आमचं शांत आहे" असं ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या दोघांची कुत्री मला चावली आहेत. एका बाईंनी "आमची पॉमेरियन" म्हणून बोलावलं. आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि गिऱ्हाईक गमावलं. तेव्हापासून जे म्हणतील ते म्हणतो.

गल्लीतल्या कुत्र्यांचे पैसे कुणी देत नाही. पण खरी परीक्षा तिथंच झाली. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत एका लहान मुलाला कुत्रं चावलं. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतली, लगेच लसीचे डोस सुरू केले, मूल बरं झालं. सभा भरली. "हेच भाकऱ्या घालतात," म्हणून बोट माझ्याकडे आलं. सगळी कुत्री उचलून लांब सोडून या, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. मला रागही आला आणि उत्तरही सुचेना. कारण कोणत्या कुत्र्याला लस दिली आहे, कोणाचं ऑपरेशन झालंय, हे मलाही नीट माहीत नव्हतं. मी त्यांचे शेकड्यांनी फोटो काढले होते, पण एवढीही चौकशी कधी केली नव्हती.

मग महिनाभर मी एक वही केली. चार गल्ल्यांतली २३ कुत्री. प्रत्येकाचा समोरून एक, बाजूनं एक आणि कानाचा एक असे तीन फोटो. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटा छेद दिलेला असतो, तोच पुरावा. नियम असा आहे की ऑपरेशन आणि रेबीजची लस झाली की कुत्र्याला जिथून पकडलं तिथंच आणून सोडायचं. हे २००१ पासून आहे आणि या मार्चमध्ये आलेल्या नव्या नियमांतही कायम आहे. वहीतून कळलं की नऊ कुत्र्यांच्या कानाला खूण नाही. गल्लीतल्या पोरांनी मदत केली, पथकाला वही दाखवली, आणि सात जणांचं काम झालं. दोन अजून हुलकावणी देतात. त्या मुलाची आई मला पाहिलं की अजूनही रस्ता ओलांडून पलीकडे जाते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आणखी एक घर सांगतो. एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे, एकटेच राहतात. मुलगा परदेशात. त्यांचं कुत्रं तेरा वर्षांचं, उठताही येत नव्हतं. म्हणाले, "उद्या डॉक्टर येणार आहेत. आज फोटो काढा." मी शेजारी फरशीवर बसलो. आजोबाही काठी बाजूला ठेवून हळूहळू खाली बसले. मी म्हटलं, खुर्ची घ्या. ते म्हणाले, "त्याला मान वर करावी लागते." मी चारच फोटो काढले. पैसे घेतले नाहीत, तर ते रागावले. म्हणाले, "हे काम आहे, कामाचे पैसे घ्यायचे." मग घेतले.

आता जे बोलायचं आहे, ते या व्यासपीठावरून बोलावं की नाही, असा मला कालपर्यंत प्रश्न होता.

आपल्या शाळेत मोत्या होता. मामांच्या मागे मागे फिरणारा, पांढरा, एका डोळ्याभोवती काळा डाग. घंटा झाली की मामांच्या आधी फाटकाशी जाऊन उभा राहायचा. नववीतल्या दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधली. तुम्हा सगळ्यांना ते आठवत असेल, कारण आपण सगळे हसलो होतो. ती माळ मी बांधली होती. बरोबर आणखी दोघं होते. त्यांची नावं मी सांगणार नाही, ते आज इथं आहेत आणि सध्या खाली बघतायत. मोत्या वाचला. शेपटीचे केस पुन्हा आले नाहीत. त्यानंतर तो पोरांच्या जवळ कधी आला नाही. चौकशी झाली, पण मामांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मामांना माहीत होतं. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला कुणी असं केलं तर?" आणि घंटा द्यायला निघून गेले.

आपला दहावीचा ग्रुप फोटो बाबांनी काढला होता. तो तुमच्या सगळ्यांच्या घरी आहे. निगेटिव्ह पुरात गेली. पण या मेळाव्यासाठी घरातली जुनी ट्रंक उपसताना बाबांची कच्ची प्रत सापडली, कडा न कापलेली. आपल्याला मिळालेल्या फोटोत डावीकडचा भाग कापलेला होता. कच्च्या प्रतीत तिथं मामा उभे आहेत, आपलं आटोपायची वाट बघत, आणि त्यांच्या पायामागं मोत्या. निम्मा झाकलेला. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, आपल्याकडे बघतोय. इतक्या कुत्र्यांचे फोटो काढल्यावर मला आता ते बघणं ओळखता येतं. तो बिचकलेला आहे.

मामा, सदतीस वर्षं झाली. माझं चुकलं. तो पूर्ण फोटो मी मोठा करून आणलाय, कार्यक्रम झाला की तुमच्या हातात देतो. बाकीच्यांसाठी छोट्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जुन्या फोटोच्या जागी हा लावा, ही विनंती.

आणि पोट भरतं का, या प्रश्नाचं उत्तर. एकट्या कुत्र्यांवर नाही. लग्नं आणि पासपोर्ट अजून करावे लागतात. महिन्याच्या कमाईतला साधारण तिसरा हिस्सा कुत्र्यांचा. पण सकाळी शटर उघडायला मी त्या तिसऱ्या हिश्शासाठी जातो. पंची अजून पायरीवर असते. सांगलीत असाल तर या, तिच्या शेजारी बसायला जागा आहे.