दसऱ्याआधीची चिठ्ठी



अध्यक्षाने आधी आभार मानायचे आणि मग इतिहासात शिरायचं, अशी आपल्याकडची रीत. आभार मनापासून मानतो. इतिहास थोडाच सांगतो.

मार्च 1944 मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना तपासलं. निदान झालं ते आपल्याच विषयाचं : वाढलेला रक्तदाब, त्याने मोठं झालेलं हृदय, थकलेला डावा कप्पा. उपचार म्हणून डिजिटालिस, विश्रांती आणि अळणी जेवण. 12 एप्रिल 1945 ला ते गेले, तेव्हा दाब 300/190 मोजला गेला होता. पुढे 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि रक्तदाब औषधाने उतरतो हे जगाला दिसलं. ते औषध आता मागे पडलं, कारण काही रुग्ण त्याने फार उदास व्हायचे. पण रूझवेल्टना जे मिळालं नाही, ते आज मुखेडच्या मेडिकलात मिळतं. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, सगळं.

तरीही रात्री दोनला धाप लागलेलं माणूस गाडीत घालून नांदेडला किंवा लातूरला आणावंच लागतं.

माझी एक रुग्ण कंधारकडची. पन्नाशीची, ऊसतोडीला जाणारी. एका सप्टेंबरात मी तिला महिन्याची चिठ्ठी दिली, 'दर महिन्याला दाखवायला या' असं बजावलं आणि स्वतःवर खूश झालो. ती परत आली एप्रिलमध्ये. पाय सुजलेले, उताणं झोपता येत नव्हतं. मी रागावलो. ती म्हणाली, "गोळ्या सरल्या, डाक्टर. तिकडं फडात कोन देतंय? अन् तवा दम बी नव्हता, मंग काहून खाऊ?" तिचं बरोबर होतं. दसऱ्याच्या सुमारास टोळी निघते हे मला ठाऊक होतं. ते चिठ्ठीत कुठे उतरलंच नव्हतं.

'दम नव्हता, मग काहून खाऊ' या प्रश्नाचं उत्तर आपण रुग्णाला क्वचित देतो. जास्त दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलताना डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, सदऱ्याच्या बाहीत न मावणाऱ्या पहिलवानाच्या दंडासारखी. पण हा दंड सैल पडायला तयार नसतो. कप्पा नीट भरत नाही, मागे फुफ्फुसात दाब साठतो आणि धाप लागते. टूडी इकोत मात्र पंपिंग 60 टक्के येतं! आपण रिपोर्ट बघतो, 'पंपिंग चांगलं आहे, घाबरू नका' म्हणतो आणि रुग्ण गोळी बंद करतो. हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलंय, मीही. त्या रिपोर्टात भिंतीची जाडी किती, डावा कर्णिका-कप्पा मोठा झालाय का, ठोके अनियमित आहेत का, हे आधी वाचा. ठोके बिघडले की रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचं भय वाढतं.

दाब बरीच वर्षं आवरला की जाड भिंत काही अंशी उतरतेही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ' अभ्यासात अशाच जाड भिंतीचे 9,000 हून अधिक रुग्ण होते आणि ॲटेनोलॉलपेक्षा लोसार्टन घेणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले. हृदयाच्या दुबळेपणात उपयोगी पडणारं डापाग्लिफ्लोझिन 2020 नंतर आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बनवू लागल्या आणि खिशाला झेपू लागलं. तेव्हा औषधांचं रडगाणं मी गाणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. या आजाराची लढाई आपण अतिदक्षता विभागात हरत नाही, पाकीट संपतं त्या दिवशी हरतो.

2018 मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचं काम सुरू झालं. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. नांदेड-लातूर त्यात नव्हतं. पण त्यातलं तंत्र घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही : ठरलेल्या क्रमाने मोजकी औषधं, एका वेळी किमान 30 दिवसांचा साठा, दाब मोजायला सिस्टर आणि न आलेल्याला फोन. (कुणीतरी आता याला 'लातूर पॅटर्न' म्हणेल. कृपया म्हणू नका.)

मात्र 30 दिवस आपल्याला पुरत नाहीत. गाळप हंगाम पाच-सहा महिन्यांचा. टोळी निघण्याआधी चिठ्ठी किमान तीन महिन्यांची हवी, आणि उरलेल्या औषधांसाठी मराठीतलं कार्ड, जे कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही चालेल. त्यावर औषधाचं नाव, डोस, शेवटचा दाब. बस.

अजून दोन गोष्टी फडातल्याच. मोळ्या उचलून गुडघे-कंबर धरते, मग डायक्लोफिनॅक येतं. ते दाब चढवतं, पाणी साठवतं, मूत्रपिंडाला मारतं. आणि आपण मात्र बीपीची दुसरी गोळी वाढवतो. दुसरं, लघवीची गोळी. फडात आडोसा नसतो, बाया पाणीच कमी पितात, म्हणून ही गोळी आधी बंद होते. घेत नाही म्हणून रागावू नका. सकाळी कोपीवरून निघण्याच्या किती आधी घ्यायची ते विचारून ठरवा. होळीनंतर ऊन चढलं की तिचा डोस पुन्हा बघा. उलट्या-जुलाब लागले तर ती आणि डापाग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवायची, हे कार्डावरच लिहा.

मिठाबद्दल बोललो नाही तर आहारतज्ज्ञ रागावतील. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. आपल्याकडे कोरड्या भाकरीबरोबर ठेचाच असतो, तो काढला तर उरतं काय? ठेचा राहू द्या, त्यातलं मीठ निम्मं करा, आणि लोणचं-पापड सणापुरतं. एवढं माझ्या रुग्णांना जमलेलं आहे.

दुपारच्या सत्रात कार्डाचा मसुदा आहे. जेवणाआधी प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरांनी एक कागद द्यावा : आपल्याकडच्या टोळ्या कुठल्या कारखान्यांना जातात, मुकादम कोण, आणि साधारण कुठल्या आठवड्यात निघतात. कंधारचा कागद मी लिहून आणलाय. अहमदपूर, जळकोट, लोहा यांचे अजून यायचेत.